मेलेला कावळा आणि तापाचा रुग्ण

मार्च २०२५ मध्ये सोलापूर शहरात सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ल्याचा परिसर आणि धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे जुन्या सोलापूरकरांचा कंबर तलाव, या भागात कावळे मरून पडू लागले. कावळ्यांबरोबर इतर पक्षीही मेलेले आढळले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि अहवाल आला: बर्ड फ्लू. प्रशासनाने तलावांच्या काठचा परिसर काही दिवस नागरिकांसाठी बंद केला, निर्जंतुकीकरण केले आणि आजूबाजूच्या कोंबड्यांची तपासणी सुरू केली.

अशा वेळी गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो चिकन खायचे की नाही, हा. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे येईलच. पण आरोग्य यंत्रणेपुढचा प्रश्न वेगळा असतो. पक्ष्यांमधला हा विषाणू उद्या माणसात उतरला, तर तो पहिल्याच रुग्णात ओळखला जाईल का?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. सोलापुरात कावळे मरत होते त्याच मार्च महिन्यात आंध्र प्रदेशातील पालनाडू जिल्ह्यात, नरसरावपेट येथे, दोन वर्षांची एक मुलगी तापाने आजारी पडली. मंगळगिरीच्या एम्समध्ये उपचार सुरू असताना ती दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत, तिचे नमुने तपासले गेले आणि तिला एच५एन१ ची लागण झाली होती हे स्पष्ट झाले. आजारी पडण्यापूर्वी तिने कच्च्या कोंबडीचा तुकडा तोंडात घातला होता, असे घरच्यांनी सांगितले. सोलापुरात माणसाला लागण झाल्याची नोंद झाली नाही. तरीही तलावाकाठी लावलेल्या त्या बंदीचा अर्थ समजून घ्यायचा, तर ही मुलगी डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

कावळाच का मरतो?

इन्फ्लुएंझा ‘ए’ या विषाणूचे मूळ घर पाणपक्षी. बदके, हंस, कुरव यांच्या आतड्यात तो राहतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि बऱ्याचदा त्या पक्ष्याला काही होतही नाही. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात पाळीव हंसांमध्ये एच५एन१ चा एक घातक प्रकार सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये त्याने १८ माणसांना गाठले आणि त्यांतील ६ जण मरण पावले. तेव्हा हाँगकाँगने काही दिवसांत तेथील सुमारे पंधरा लाख कोंबड्या-बदके नष्ट केली. आज जगभर फिरणारे एच५ विषाणू याच घराण्यातले.

२००५ मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर हजारो स्थलांतरित पक्षी या विषाणूने मेले. त्यांत पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने होते. हा हंस सोलापूरकरांना अनोळखी नाही. हिवाळ्यात तो हिप्परगा तलावावर आणि उजनीच्या फुगवट्यावर उतरतो. पाहुणे पक्षी आले म्हणजे रोग आला, असा याचा अर्थ मुळीच नाही. बर्ड फ्लू कोंबड्यांच्या वाहतुकीतून, पिंजऱ्यांतून, गाडीच्या चाकांना लागलेल्या विष्ठेतूनही पसरतो. मात्र नोव्हेंबर ते मार्च हा काळ पशुसंवर्धन विभाग अधिक सावध का असतो, हे यावरून कळते.

कावळ्याचे तसे नाही. तो गावाचा सफाई कामगार. मेलेला पक्षी, उकिरड्यावर टाकलेली कोंबडीची आतडी, पिसे, सगळे तो खातो. त्यामुळे परिसरात विषाणू असेल तर तो कावळ्याच्या पोटात लवकर जातो. कावळे थव्याने राहतात, माणसांजवळ राहतात, आणि मेले तर लगेच नजरेस पडतात. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरातही बर्ड फ्लू प्रथम दिसला तो कावळ्यांतच. म्हणून एकाच भागात दोन-चार दिवसांत अनेक कावळे मेले, तर ती शहराला मिळालेली आगाऊ सूचना समजायची.

फोनपासून भोपाळपर्यंत

कावळे मरण्याची कारणे अनेक असतात. सोलापूरचा मार्च तापायला लागलेला असतो, त्यामुळे उष्माघात असू शकतो. उंदरांसाठी किंवा कुत्र्यांसाठी टाकलेले विष असू शकते. कोंबड्यांतील मानमोडीसारखा दुसरा रोग असू शकतो. डोळ्यांनी पाहून यांतला फरक सांगता येत नाही, प्रयोगशाळा लागतेच.

कोणीतरी फोन करतो आणि साखळी सुरू होते. पशुसंवर्धन विभागाचे पथक हातमोजे, मास्क आणि संरक्षक पोशाख घालून येते. मेलेला पक्षी दुहेरी पिशवीत बंद करून, बर्फात ठेवून पाठवला जातो, किंवा त्याच्या श्वासनलिकेतून आणि गुदद्वारातून स्वॅब घेतले जातात. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. पण बर्ड फ्लूवर अंतिम शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतच होते. हा विषाणू हाताळायला हवा बाहेर जाऊ न देणाऱ्या बंदिस्त खोल्या लागतात. तशी सोय प्रत्येक जिल्ह्यात करणे शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही.

अहवाल येईपर्यंतचे दिवस महत्त्वाचे असतात. त्या दिवसांत मेलेले पक्षी रोज गोळा करून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे, परिसर धुवायचा, लोकांना लांब ठेवायचे, ही कामे अहवालाची वाट न पाहता करायची असतात.

अहवाल होकारार्थी आला तरी रानपक्ष्यांना मारत नाहीत. याचे कारण साधे आहे. झाडावरचा थवा उठवला की आजारी पक्षी दहा ठिकाणी विखुरतात आणि विषाणूही त्यांच्याबरोबर जातो. म्हणून तिथे उपाय एकच: माणसाला दूर ठेवणे. सोलापुरात तलावाकाठचे फिरणे बंद झाले ते यासाठी. त्याच वेळी आसपासच्या पोल्ट्री आणि परसातील गावरान कोंबड्यांचे नमुने घेतले जातात, कारण माणसाशी खरा संबंध कावळ्याचा नाही, कोंबडीचा येतो.

नवापूरने घालून दिलेली वाट

भारतात बर्ड फ्लू प्रथम सापडला तो महाराष्ट्रातच. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील पोल्ट्रींमध्ये एच५एन१ असल्याचे जाहीर झाले. पुढच्या काही दिवसांत तिथे लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. घरोघरी जाऊन तापाचे रुग्ण शोधले गेले, संशयितांना वेगळे ठेवून त्यांचे नमुने तपासले गेले. माणसात लागण आढळली नाही. पशुवैद्य आणि डॉक्टर एकाच मोहिमेवर खांद्याला खांदा लावून उतरल्याचे हे राज्यातले मोठे उदाहरण.

आज पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला, की त्या ठिकाणापासून एक किलोमीटरचा भाग बाधित क्षेत्र ठरतो आणि दहा किलोमीटरपर्यंतचा भाग निगराणी क्षेत्र. बाधित क्षेत्रातील सर्व कोंबड्या, अंडी आणि खाद्य नष्ट करायचे, शेड निर्जंतुक करायची, वाहतूक आणि विक्री थांबवायची, आणि त्यानंतरही काही महिने नमुने तपासत राहायचे, अशी पद्धत आहे.

इथे एक गोष्ट प्रत्येक कोंबडीपालकाला माहीत असायला हवी. सरकारने नष्ट केलेल्या निरोगी-आजारी कोंबड्यांची भरपाई मिळते. तो खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. पण पथक येण्याआधी आपोआप मेलेल्या कोंबडीचे काहीच मिळत नाही. म्हणजे मरतूक लपवून चार दिवस काढणाऱ्याचे दुहेरी नुकसान होते. कोंबड्याही जातात आणि भरपाईही. दरम्यान तो घाईने उरलेल्या कोंबड्या बाजारात विकतो आणि विषाणू पुढच्या गावाला पोहोचतो. खुराड्यात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईसाठी ती कोंबडी म्हणजे आठवडी बाजाराचा पैसा असतो. तिने खरे सांगावे असे वाटत असेल, तर भरपाईची रक्कम वेळेवर तिच्या हातात पडणे हा रोगनियंत्रणाचाच भाग आहे.

माणसाला धोका किती?

विषाणूला पेशीत शिरायला कुलूप आणि किल्ली जुळावी लागते. बर्ड फ्लूच्या विषाणूची किल्ली पक्ष्यांच्या पेशींवरील कुलपाला बसते. माणसाच्या नाका-घशात त्या प्रकारची कुलुपे फार कमी, फुफ्फुसात खोलवर मात्र आहेत. म्हणून हा विषाणू माणसाला सहज लागत नाही आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. पण मोठ्या मात्रेने आत गेला तर थेट खोल फुफ्फुसात जाऊन गंभीर न्यूमोनिया करतो.

२००३ पासून जगभरात एच५एन१ ची लागण झालेल्या माणसांची नोंद हजाराच्या आसपास आहे. त्यांतील जवळपास निम्मे दगावले. हा आकडा भीतिदायक आहे, पण तो नीट वाचायला हवा. सौम्य आजार झालेले अनेक जण दवाखान्यात येतच नाहीत, त्यामुळे नोंद प्रामुख्याने गंभीर रुग्णांची होते. भारतात २०२१ मध्ये हरियाणातील ११ वर्षांच्या मुलाचा दिल्लीच्या एम्समध्ये झालेला मृत्यू हा पहिला. नरसरावपेटची मुलगी त्यानंतरची.

काळजी वाढते ती विषाणू सस्तन प्राण्यांत शिरू लागल्यामुळे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने मेले. त्याच सुमारास नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत तो सापडला. अमेरिकेत मार्च २०२४ पासून दुभत्या गाईंच्या गोठ्यांत हा विषाणू पसरला आणि गोठ्यांत व पोल्ट्रीत काम करणाऱ्या सुमारे सत्तर जणांना लागण झाली. बहुतेकांचे फक्त डोळे लाल झाले किंवा थोडा ताप आला.

याखेरीज आणखी एक शक्यता असते. एकाच माणसाला, किंवा एकाच डुकराला, माणसाचा नेहमीचा फ्लू आणि पक्ष्याचा फ्लू एकाच वेळी झाला, तर दोन विषाणू आपापले जनुकीय तुकडे अदलाबदल करू शकतात. २००९ चा स्वाइन फ्लू अशाच सरमिसळीतून आला होता. म्हणून कोंबड्या नष्ट करणाऱ्या कर्मचाऱ्यांना नेहमीच्या फ्लूची लस देण्याचा सल्ला दिला जातो. ती लस बर्ड फ्लूपासून वाचवत नाही. ती या दोन विषाणूंची गाठ पडण्याची शक्यता कमी करते.

ओपीडीतला एक प्रश्न

कोंबड्या नष्ट करणाऱ्या पथकातील प्रत्येकाची नोंद होते आणि काम संपल्यावर दहा दिवस रोज ताप, खोकला, डोळ्यांची लाली विचारली जाते. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसायला साधारण दोन ते पाच दिवस लागतात, क्वचित दहापर्यंत. त्यावरून हे दहा दिवस ठरले. गरजेनुसार त्यांना ओसेल्टामिविर हे औषध आधीच दिले जाते. आशा कार्यकर्त्या आणि आरोग्यसेवक निगराणी क्षेत्रात घरोघरी तापाचे रुग्ण विचारतात.

पण खरा रुग्ण या यादीबाहेरचा असू शकतो. समजा, मोहोळ तालुक्यातल्या एखाद्या गावचा तरुण चार दिवसांच्या तापाने सोलापूरच्या दवाखान्यात आला. धाप लागते आहे, क्ष-किरण तपासणीत न्यूमोनिया दिसतो. पावसाळ्यात असे रुग्ण रोज येतात. त्याला डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडच्या चाचण्या सांगितल्या जातात, प्रतिजैविक सुरू होते. या सगळ्यात एक प्रश्न राहून गेला तर साखळी तिथेच तुटते: घरी किंवा शेजारी कोंबड्या मेल्या होत्या का? हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवायचे, नाक-घशाचा नमुना पुण्याला पाठवायचा, आणि अहवालाची वाट न पाहता ओसेल्टामिविर सुरू करायचे. हे औषध पहिल्या ४८ तासांत दिले तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. गंभीर रुग्णाला उशिरा दिले तरी फायदा होतो.

शोधले तर सापडते, याचा महाराष्ट्रातला पुरावा मेळघाटचा. तेथील कोरकू गावांमध्ये बालकांच्या श्वसनविकारांवर नियमित नजर ठेवली जात होती. २०१९ मध्ये १७ महिन्यांच्या एका बाळाच्या नमुन्यात एच९एन२ हा पक्ष्यांचा फ्लू निघाला. भारतातील या प्रकारचा तो माणसातला पहिला रुग्ण. बाळ बरे झाले. ते मोठ्या शहरात सापडले नाही, गावात सापडले, कारण गावात कोणीतरी नेमाने नमुने घेत होते.

दुसरा धडा २००९ चा. मे महिन्यात हैदराबादला देशातील पहिला रुग्ण सापडला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातील तो स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू. त्यानंतर पुण्याच्या नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. साध्या सर्दीचे आणि खऱ्या फ्लूचे रुग्ण एकाच रांगेत तासन्‌तास उभे राहिले. गर्दीतच संसर्ग वाढतो, हे ओळखून नंतर रुग्णांची ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशी विभागणी आली. ‘ए’ म्हणजे सौम्य ताप-खोकला: घरी विश्रांती, तपासणीची गरज नाही. ‘बी’ म्हणजे जास्त ताप, किंवा रुग्ण गर्भवती, लहान मूल, वृद्ध, मधुमेही, दमेकरी असणे: ओसेल्टामिविर सुरू करून घरीच लक्ष ठेवायचे. ‘सी’ म्हणजे धाप, छातीत दुखणे, रक्तदाब घसरणे, ग्लानी, ओठ-नखे निळी पडणे: ताबडतोब दाखल करून तपासणी आणि उपचार. ही विभागणी आजही सरकारी रुग्णालयांत चालते. त्यामुळे खाट आणि डॉक्टर ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी मोकळे राहतात.

एक गोष्ट विसरू नये. तेव्हाचा ‘नवा’ विषाणू आता दरवर्षीचा पाहुणा झाला आहे. २०१५ मध्ये देशात त्याने जवळपास तीन हजार माणसे नेली. २०१७ मध्ये एकट्या महाराष्ट्रात साडेसातशेहून अधिक मृत्यू झाले. बर्ड फ्लूच्या बातमीने घाबरणारे घर पावसाळ्यातल्या साध्या फ्लूकडे दुर्लक्ष करते, आणि आजीला धाप लागेपर्यंत घरगुती काढ्यावर ठेवते. सोलापूरसारख्या जिल्ह्यात फ्लूचा हा हंगाम आणि आषाढी वारी साधारण एकाच काळात येतात. त्यामुळे पंढरपुरात लाखोंच्या गर्दीत तापाचे रुग्ण लवकर वेगळे करणे हे दरवर्षीचे काम आहे, नवा विषाणू येवो वा न येवो.

चिकन खायचे का?

हो, नीट शिजवून. ७० अंश सेल्सिअसला हा विषाणू मरतो. आपल्याकडचा रस्सा त्याहून खूप जास्त तापमानाला बराच वेळ उकळतो. धोका ताटात नसतो, त्याआधी असतो: आजारी कोंबडी कापताना, पिसे काढताना, कच्चे मांस हाताळलेल्या हातांनी डोळे चोळताना, त्याच विळीवर किंवा सुरीने कोशिंबीर चिरताना. कच्चे किंवा अर्धवट उकडलेले अंडे टाळावे.

२००६ मध्ये नवापूरच्या बातमीनंतर राज्यभर कोंबडीची मागणी कोसळली. फेब्रुवारी २०२० मध्ये तर कोंबडीतून करोना होतो या निव्वळ अफवेने भाव पडले आणि अनेक पोल्ट्रीचालक कर्जात गेले. अफवेचा फटका बसलेला माणूस पुढच्या वेळी मरतूक कळवायला कचरतो. मोबाइलवर आलेला असा संदेश पुढे ढकलणारा प्रत्येक जण नकळत त्या साखळीची एक कडी सैल करतो.

आपण काय करायचे?

• मेलेल्या किंवा मलूल पक्ष्याला हात लावू नका. मुलांना आणि पाळीव कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा. चुकून हात लागलाच तर साबणाने नीट धुवा आणि तोवर डोळे, नाक, तोंड यांना स्पर्श करू नका.

• एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले तर महापालिका, ग्रामपंचायत किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पशुसंवर्धनासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

• घरच्या कोंबड्या अचानक मरू लागल्या, तुरे-गलोल निळे पडले, डोके सुजले, अंडी एकदम घटली, तर उरलेल्या कोंबड्या विकू नका, कापून खाऊ नका, मेलेल्या नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. आधी कळवा, भरपाई त्यावरच अवलंबून आहे.

• कोंबड्यांचे खाद्य-पाणी रानपक्ष्यांना मिळणार नाही असे झाकून ठेवा. शेडमध्ये जाण्यासाठी वेगळी चप्पल ठेवा.

• पक्ष्यांशी संबंध आल्यानंतर दहा दिवसांत ताप, खोकला, धाप किंवा डोळे लाल झाले, तर सरकारी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी पक्ष्यांचे सांगा.

• गर्भवती, साठीच्या पुढचे, मधुमेह, हृदयविकार किंवा दमा असलेले यांनी दरवर्षी फ्लूची लस घेण्याबाबत आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

येत्या हिवाळ्यात हिप्परगा आणि उजनीवर पाहुणे पक्षी पुन्हा येतील. त्यांना जरूर पाहावे, लांबून पाहावे. एखाद्या सकाळी तलावाकाठी तीन-चार कावळे मेलेले दिसले, तर फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी एक फोन पशुवैद्यकीय दवाखान्याला करावा. नमुना ताजा असेल तरच भोपाळचे उत्तर खात्रीचे येते.